हरकत नाही

कैरोत उतरून तीन आठवडे झाले होते आणि मला पासपोर्टच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. लेक बाळंतीण, जावई कामावर, बायको डिंकाच्या लाडवांत. म्हटलं, एवढं तरी आपलं आपण करू. अक्षरओळख झालेली होती. मआदीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी रोज दिसायची. दोन शब्दांची. पहिल्यात तीनच अक्षरं: नून, काफ, लाम. न, क, ल. नक्कल! ३४ वर्षं महसूल खात्यात घासलेल्या माणसाला याहून ओळखीचा शब्द कोणता? सातबाराची नक्कल, आठ-अची नक्कल, फेरफाराची नक्कल. दुसरा शब्द वाचायच्या भानगडीत न पडता आत शिरलो.

आत मशीन नव्हतं. दोरखंड होते, जुन्या गोधड्यांची चळत होती आणि चहा पीत बसलेले दोन धट्टेकट्टे गडी होते. मी पासपोर्ट पुढे करून दोन बोटं दाखवली. 'इत्नीन.' थोरल्याने विचारलं, 'मिनीन?' कुठून? 'हिंद,' मी म्हणालो. 'फीन?' कुठे? मी पायाखालची फरशी दाखवली: इथेच. मग त्याने दोन बोटांनी हवेत जिना चढून दाखवला. कितवा मजला? प्रश्न विचित्र वाटला, पण आम्ही राहतो चौथ्यावर, म्हणून चार बोटं दाखवली. धाकटा ग्लास ठेवून उठला आणि बाहेर जाऊन ट्रक सुरू केला.

फोनवर लेकीने उलगडा केला तेव्हा तिच्या टाक्यांना हसू सोसवेना. अरबीत 'नक्ल' म्हणजे वस्तू एका जागेवरून दुसरीकडे नेणं. पाटीवर होतं 'नक्ल अफ्श', घरसामान हलवून मिळेल. इजिप्तच्या वाहतूक मंत्रालयाच्या नावातही हाच 'नक्ल' आहे. झेरॉक्सला म्हणतात 'तस्वीर'. आता विचार केला की पटतं, एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर नेला की झाली नक्कल. पण ते पटायला ट्रक बंद करायला लावावा लागला.

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. या हुद्द्यातले 'नायब' आणि 'तहसील' दोन्ही अरबी, शेपटीचा 'दार' तेवढा फारसी. जिल्हा अरबी, तालुका अरबी, महसूल, मौजे, कसबा, दाखला, वारस, मयत, जामीन, सगळे अरबी. सगळे फारसीच्या हातून आपल्याकडे आले. रघुनाथपंतांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश रचला, दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी आमच्या कचेरीतून तहसील काही उठली नाही. त्यामुळे लेकीने 'बाबा, वेळ जात नाही तर अरबी शिका' म्हटलं तेव्हा मला वाटलं, निम्मी भाषा तर आपल्याला पेन्शनीबरोबरच मिळालेली आहे.

हीच चूक झाली. पूर्ण अनोळखी शब्द मी निमूट पाठ केले आणि ते बसले. घोटाळा दर वेळी ओळखीच्या शब्दांनी केला.

शिकवणीला मी मेट्रो स्टेशनच्या पलीकडे एका निवृत्त शाळामास्तरणीकडे जायचो. सगळे त्यांना 'उस्ताज़ा' म्हणत, मीही म्हणू लागलो. आमच्या कराडकडे तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा आणि तिथे शिकवणारा तो वस्ताद. इथे शिक्षण मंत्रालयाच्या नावात 'तालीम' आहे आणि मास्तर तो 'उस्ताज़'. एकूण मी रोज तालमीत वस्तादाकडे जात होतो आणि तिथे चीतही तसाच होत होतो.

उस्ताज़ा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या चर्चच्या ख्रिश्चन. भिंतीवर मेरीमातेचं चित्र, मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला बारीकसा क्रॉस, आणि तोंडी दर तिसऱ्या वाक्याला 'इन्शाल्ला' नाहीतर 'अल्हम्दुलिल्ला'. पहिल्या दिवशी मला याचं नवल वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार. त्या म्हणाल्या, देवाला अरबीत अल्लाच म्हणतात, आमच्या बायबलातही तोच शब्द आहे. सातव्या शतकात, ६३९ ते ६४२ मध्ये, अरब फौजा इजिप्तमध्ये आल्या तेव्हा लोक कॉप्टिक बोलत. आठव्या शतकाच्या सुरुवातीला दिवाणाचे म्हणजे सरकारी दफ्तराचे कागद अरबीत लिहायचा हुकूम निघाला आणि ज्याला नोकरी हवी त्याने अरबी शिकली. काही शतकांत कॉप्टिक चर्चच्या प्रार्थनेपुरती उरली. धर्म ज्यांनी बदलला नाही त्यांचीही भाषा बदलली. कचेरीची भाषा घरात कशी शिरते हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं 'कवाइद'. म्हणाल्या, हे 'काइदा'चं अनेकवचन. मी सरसावून बसलो. कायदा! एमएलआरसीची, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची, कलमं मला झोपेत विचारा. पण इथे काइदा म्हणजे नियम आणि कवाइद म्हणजे चक्क व्याकरण. ज्याला आपण कायदा म्हणतो तो 'कानून'. जन्मभर कायदा राबवलेला माणूस त्या दिवशी पहिल्या विभक्तीपाशी अडकला.

अक्षरं २८, उजवीकडून डावीकडे, एकाला एक जोडून. सहा अक्षरं अशी मानी की ती पुढच्याला हात देत नाहीत. याचा लोक उगाच बाऊ करतात, पंधरा दिवसांत हात बसतो. माझा तर लवकर बसला, कारण नोकरीच्या सुरुवातीला जुन्या रेकॉर्डसाठी मोडी वाचायला शिकलो होतो, आणि मोडीही हात न उचलता लिहायची लिपी.

उच्चारांनी मात्र घाम काढला. 'ऐन' नावाचं एक अक्षर आहे. ते अ नव्हे. घशाच्या अगदी तळाशी, डॉक्टरने चमच्याने जीभ दाबल्यावर जिथून आवाज येतो, तिथून काढायचं. उस्ताज़ा माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणायच्या, 'तहत, तहत!' खाली, अजून खाली. स्वयंपाकघरातून त्यांची सून डोकावून जायची. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद नावाचा मोठा व्याकरणकार होऊन गेला. त्याने अरबीचा पहिला शब्दकोश करायला घेतला तेव्हा अक्षरं नेहमीच्या क्रमाने न लावता उच्चाराच्या जागेने लावली, घशाच्या तळापासून ओठांपर्यंत, आणि सुरुवात केली ती या ऐनपासून. उस्ताज़ांनी हे सांगितल्यावर मी वहीत क च ट त प लिहून दाखवलं: कंठापासून ओठांपर्यंत, आमची पोरं पहिलीत हेच घोकतात. त्या बराच वेळ ती ओळ बघत बसल्या. मग मी त्यांना ळ म्हणायला लावला. 'बाळ' काही जमेना, 'बाल' आणि 'बार'च्या मध्ये कुठेतरी गाडी अडायची. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

दुसरं अक्षर 'दाद'. जड द. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात. हा उच्चार इराण्यांना जमला नाही, त्यांनी त्याचा झ केला आणि आपल्याकडे त्याचा ज झाला. एवढं कळल्यावर माझ्या हाती किल्लीच आली. ज काढा, द घाला. अर्ज म्हणजे 'अर्द', कर्ज म्हणजे 'कर्द', काजी म्हणजे 'कादी', रमजान म्हणजे 'रमदान', हजर म्हणजे 'हादिर'. आठवडाभर मी दिसेल त्या ज चा द करत सुटलो. मग एक दिवस 'जाहीर'चं 'दाहिर' केलं आणि उस्ताज़ांनी कपाळावर हात मारला. कारण तो ज वेगळा. जामीन, जाहीर, मजकूर, वजन: आपल्या या चार शब्दांतले चार ज ही अरबीत चार निरनिराळी अक्षरं आहेत, चार निरनिराळे आवाज. आपण चौघांना एकाच सातबारावर आणलं. आता वाटणी करताना मी रडत होतो.

आणि हा 'हादिर' सापडला तरी अर्थाने दगा दिलाच. कैरोत कुणालाही काही सांगा, बव्वाबला म्हणजे दारवानाला, वाण्याला, वेटरला, उत्तर येतं 'हादिर'. मी हजेरीपटातला माणूस, मला वाटलं, हजर म्हणजे आत्ता समोर येणार. हादिर म्हणजे 'हो साहेब, करतो'. केव्हा ते त्यात नाही. तसं आमच्या कचेरीतही नसायचं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

तक्रारीवरून आठवलं. क्रियापदांची रूपं पाठ होईनात, तेव्हा उस्ताज़ा एक म्हण सारखी म्हणायच्या: 'अत-तक्रार युअल्लिम अश-शुत्तार.' मी ऐकायचो की तक्रार माणसाला शिकवते, आणि मान डोलवायचो. तक्रार अर्जांनीच मला अर्धी नोकरी शिकवली होती. महिनाभराने कळलं की अरबीत तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. घोकल्याने हुशार शिकतात. आपल्याकडे येता येता, जो पुन्हा पुन्हा येऊन तेच सांगतो त्याचं गाऱ्हाणं ते तक्रार, असं काहीतरी झालं असावं. हा माझा तर्क. पण टेबलाच्या पलीकडे ३४ वर्षं बसून केलेला तर्क आहे.

अशी यादी करायला मी एक वही घातली होती. अर्ज म्हणजे दुकानातली सवलत, सुपरमार्केटच्या काचेवर लाल अक्षरांत अर्ज लटकत असतात. आपल्या अर्जाला इथे म्हणतात 'तलब', आणि आपल्याला तलब येते ती चहाची नाहीतर तंबाखूची. शिक्का म्हणजे 'सिक्का', वाट. 'सिक्का हदीद' म्हणजे रेल्वे. आपल्या शिक्क्याला 'खत्म'. व्हिसाच्या मुदतवाढीला खिडकीवरचा माणूस कागदाकडे बोट दाखवून 'खत्म, खत्म' म्हणाला आणि मला वाटलं, आपला मुक्काम खतम. तो बिचारा शिक्का मारून आणा म्हणत होता. मेट्रोच्या दारावर एकीकडे 'दुखूल' आणि दुसरीकडे 'खुरूग': आत जाण्याचा तो दाखला, बाहेर जाण्याचा तो खर्च. हे मात्र पाहताक्षणी समजलं. आणि जिल्हा? अरबी 'दिल'. अर्थ बरगडी. माझ्या माजी जिल्हाधिकाऱ्यांना हे कळवायचा मोह मी आवरला.

'गरीब'ने तर टॅक्सीत फजिती केली. भाडं जास्त वाटलं म्हणून मी केविलवाणा चेहरा करून म्हणालो, 'अना गरीब.' ड्रायव्हरचा चेहरा एकदम उजळला. 'नव्वर्त मस्र!' तुमच्या येण्याने इजिप्त उजळलं. गरीब म्हणजे परका, परदेशी. ज्याच्याकडे पैसा नाही तो 'फकीर'. पाहुण्याचं स्वागत अगदी मनापासून झालं, आणि पाहुणा परदेशी आहे हे स्वतःच्याच तोंडून कबूल झाल्यावर भाडं कशाला कमी होतंय.

सगळ्यात जिव्हारी लागली ती हरकत.

अरबीत छोटे स्वर लिहीत नाहीत. क, त, ब एवढंच लिहिलेलं असतं. 'कतब' वाचलं तर लिहिलं, 'कुतिब' वाचलं तर लिहिलं गेलं, 'कुतुब' वाचलं तर पुस्तकं. पोरांच्या पुस्तकात आणि कुराणात अक्षरांच्या वरखाली बारीक खुणा करून स्वर दाखवतात. त्या खुणांना म्हणतात 'हरकात', एकवचन 'हरका', म्हणजे हालचाल, कारण व्यंजन हलतं ते स्वराने. वर्तमानपत्रात, पाटीवर, सरकारी कागदावर हरकात नसतात.

आता माझ्या डोक्यात हरकत म्हणजे काय? फेरफाराची नोटीस काढायची, पंधरा दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर नोंद मंजूर. हरकत नसलेला कागद म्हणजे सगळ्यात सोपा कागद! आणि इथे उस्ताज़ांनी 'अल-अहराम'चं पहिलं पान पुढ्यात ठेवून सांगितलं, यात हरकती नाहीत, वाचा. एक ओळ वाचायला पाऊण तास लागला. बातमी धान्याच्या बोटीची होती. मी ती एका मंत्र्याच्या अंगावर घातली.

वाटेत एक गोष्ट मात्र अशी सापडली की रात्री बायकोला उठवून सांगितली. मुदत, इमारत, दौलत, हिंमत, हरकत. या सगळ्यांच्या शेवटी आपल्याकडे त आहे. कैरोत कुणीच तो म्हणत नाही: मुद्दा, इमारा, दौला, हिम्मा, हरका. तर लिहिताना शेवटी दोन टिंबांचं एक गोल अक्षर येतं, त्याला 'बांधलेला त' म्हणतात. शब्द एकटा असला की हा त गप्प. पुढे दुसरा शब्द त्याला चिकटला की बोलायला लागतो: 'दौला' म्हणजे राज्य, पण कुणाचं तरी राज्य म्हटलं की 'दौलत'. फारसीवाल्यांनी बरेच शब्द तो त सुटलेला असतानाच उचलले. आपल्या घरात तो शेकडो वर्षं मोकळा हिंडतोय. बायको म्हणाली, 'उद्या सांगितलं असतं तर पळून गेला असता का तो?' आणि कुशीवर वळली.

धातूंची युक्तीही अशीच एका दुपारी उलगडली, तीही वर्गाबाहेर. तहरीर चौकात एक अवाढव्य सरकारी इमारत आहे, 'मुगम्मा'. अनेक वर्षं सगळ्या परवान्यांच्या खिडक्या तिथे होत्या. आता कचेऱ्या हलवल्यात आणि तिथे हॉटेल करायचं ठरलंय. कैरोत ज चा ग करतात, म्हणजे मूळ शब्द मुजम्मा. ज, म आणि ऐन. ही तीन अक्षरं म्हणजे गोळा होणं. त्यांच्यात स्वर आणि जोडाक्षरं निरनिराळी घातली की मशीद 'गामि', विद्यापीठ 'गामिआ', शुक्रवार 'गुमआ', बेरीज 'मगमू', सभा 'इग्तिमा', समाज 'मुग्तमा'. माणसं, विद्यार्थी, नमाजी, आकडे, सगळे गोळा होतात. आणि आपल्याकडे? जमा, जमाव, जमात, जमाबंदी. चौकातल्या कट्ट्यावर बसून मी बोटावर मोजत होतो. शब्दकोशही असेच लावलेले असतात, धातूवारी. आधी शब्दाचं खातं कोणतं ते ओळखायचं, मग त्याखालच्या नोंदी बघायच्या. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. हे तर गाव नमुना आठ-अ!

इथवरचं सगळं अरबी म्हणजे 'फुस्हा', पुस्तकातली भाषा. मोरोक्कोपासून इराकपर्यंत बातम्या, भाषणं, पुस्तकं हिच्यात. आणि ती घरी कुणीही बोलत नाही. घरी 'आम्मिया', जिथली तिथली बोली. तीन महिन्यांचं फुस्हा पदरात बांधून मी भाकरीच्या दुकानात गेलो आणि शुद्ध म्हटलं, 'उरीदु खुब्ज़न.' रांगेतली दोन पोरं खिंकाळली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही संगीत नाटकातल्या राजासारखे बोललात. 'आम्हांस रोटिकेची अभिलाषा आहे' अशातला प्रकार.

कैरोत भाकरीला खुब्ज़ म्हणत नाहीत. म्हणतात 'ऐश'. हो, तोच आपला ऐषआरामातला. मूळ अर्थ जगणं. बाकी अरब जगात भाकरी ती खुब्ज़, इजिप्तमध्ये मात्र भाकरी म्हणजे जगणंच, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याच शब्दावर अत्तर शिंपडलं गेलं. पहाटे पोरं डोक्यावर लाकडी जाळ्यांत शेकडो ऐश घेऊन एका हाताने सायकल चालवत गर्दीतून जातात. गव्हाच्या कोंड्यासकट केलेली, गोल, फुगलेली, गरम. लोक ती वाफ जायला शेजारी उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटवर पसरतात आणि मोटारवालाही काही म्हणत नाही. जानेवारी १९७७ मध्ये सरकारने सवलती काढल्या तेव्हा दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये तहरीर चौकात घोषणा होती 'ऐश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइया': भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. रेशनवरची ऐश तीस वर्षांहून अधिक काळ पाच पियास्त्रला होती (शंभर पियास्त्रचा एक पौंड), ती १ जून २०२४ ला वीस पियास्त्र झाली. रेशनकार्डांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला त्या रांगेतल्या बायकांचं बोलणं शब्द न कळताही कळत होतं. आणि आपण ज्याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो त्याला तिथे म्हणतात, आमच्यात 'ऐश व मल्ह' आहे. भाकरी आणि मीठ.

आकड्यांनी पण फसवलं. बोलायला सोपे, पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, आपल्यासारखंच आधी पाच. पण लिहिताना त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. टोमॅटोच्या ढिगावर खोचलेल्या पुठ्ठ्यावर एक उभी रेघ आणि गोल. मी दहा पौंड ठेवले. बाई मान हलवते. मी पुठ्ठा दाखवतो, ती पुठ्ठा दाखवते. पंधरा होते. या आकड्यांना ते म्हणतात 'हिंदी आकडे'. म्हणजे आमचेच, आणि मलाच वाचता येईनात.

बोलण्यातला मान वेगळ्या वाटेने जातो. फुस्हामध्ये तू आणि तुम्ही असा भेद नाही, पण कैरोत वडीलधाऱ्याला 'हदरितक' म्हणतात, आपलं 'आपण'. इंजिनिअर दिसला की 'या बाशमुहंदिस', नुसताच बरा शर्ट दिसला की 'या बाशा'. आणि पिकल्या केसांच्या माणसाला 'या हाग्ग', म्हणजे हाजी. हज केली की नाही हे कुणी विचारत नाही, धर्मही विचारत नाही. पण मराठी कानाला भर बाजारात चारी बाजूंनी 'या हाग्ग, या हाग्ग' अशी हाक येणं म्हणजे काय, ते लिहून सांगायला नको. बायकोने तिथे पहिला अरबी शब्द शिकला तो हाच, आणि परत आल्यावरही सोडलेला नाही.

नमस्काराला उत्तर द्यायचं तेही चढतं. कुणी 'सबाह अल-खैर' म्हटलं, शुभ सकाळ, की उत्तर 'सबाह अन-नूर', उजेडाची सकाळ. त्यावर तो 'सबाह अल-फुल्ल', मोगऱ्याची. मग तुम्ही 'सबाह अल-इश्ता', सायीची. न्हाव्याकडे केस कापून उठलं की तो 'नईमन' म्हणतो आणि त्याचंही ठरलेलं उत्तर असतं. मी ते चार वेळा विसरलो आणि पाचव्यांदा दिलं तेव्हा त्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले. (हजामत, अरबीत 'हिजामा', म्हणजे तुंबड्या लावणं. वहीत नोंद आहे.)

आमच्या इमारतीचा बव्वाब सोहागकडचा. पन्नाशीचा, अंगात गलाबिया म्हणजे पायघोळ झगा, जिन्याखालच्या खोलीत बिऱ्हाड. मी जमिनीच्या कचेरीत होतो हे त्याला लेकीकडून कळलं होतं. निघायला पंधरा दिवस उरले असताना तो एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आला. गावाकडच्या जमिनीचा. वडील वारले, चार भाऊ, म्हणाला, 'हदरितक' बघा.

कागदावर एकही हरकत नव्हती. चष्मा पुसून खाली पायरीवर बसलो. पहिल्या ओळीत 'हौद' आणि पुढे नंबर. शेत हौदात कसं? त्याने हातांनी दाखवलं: आस्वानचं धरण व्हायच्या आधी, म्हणजे १९७० पूर्वी, नीलला दर वर्षी पूर यायचा, बांध घालून केलेल्या खोलगट वाफ्यांत तो अडवायचे, त्यांना हौद म्हणत. पूर गेला, नंबर राहिले. म्हणजे आपला गट नंबर. पुढे क्षेत्र: फद्दान, किरात, सहम. एक फद्दान ४२०० चौरस मीटर, म्हणजे आपले साडेएकेचाळीस गुंठे. फद्दानचे २४ किरात, किराताचे २४ सहम. फद्दान म्हणजे मुळात बैलजोडी, म्हणजे औत. मग 'मालिक'. मग 'मरहूम', खाली 'वरसा'. मयत आणि वारस. बोट सरसर पुढे सरकायला लागलं. बव्वाब माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग 'हुदूद'. चतुःसीमा! 'हद बहरी', समुद्राकडची, म्हणजे उत्तर, कारण भूमध्य समुद्र त्या बाजूला: कालवा. 'हद शर्की', पूर्व: रस्ता. 'हद किब्ली', दक्षिण: एका मयताचे वारस. 'हद गर्बी', पश्चिम: एक नाव आणि पुढे 'व आखरीन'.

व इतर. आमच्याकडे सातबारावर 'व इतर तीन' लिहिलेलं असलं की भांडण त्या तिघांत असतं.

मी 'व आखरीन'वर बोट ठेवलं आणि विचारलं, 'मीन?' कोण?

बव्वाबने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्टूल जवळ ओढलं आणि पोराला दोन चहा सांगितले.